सातपुड्यातून खाली काय उतरतं?

धडगाव किंवा मोलगीच्या आठवडे बाजारात गाड्यांमध्ये काय भरलं जातं आणि गाड्यांमधून काय उतरवलं जातं, एवढ्याकडे लक्ष दिलं तरी या डोंगराळ मुलखाचा जमाखर्च बराचसा कळतो. खाली जाणाऱ्या गाडीत आमचुराची पोती, वाळलेली मोहफुलं, चारोळी, थोडी तूर, थोडा उडीद, बकऱ्या आणि कोंबड्या. वर येणाऱ्या गाडीत मीठ, तेल, साखर, कपडे, खत, पत्रे, सिमेंट. दिवाळी उलटली की खाली जाणाऱ्या गाड्यांमध्ये पोत्यांच्या जागी माणसं दिसू लागतात. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि लेकरांसकट.

आंब्याऐवजी आमचूर का, भाजीपाल्याऐवजी बकरी का आणि शेवटी माणसंच का, याची उत्तरं डोंगराच्या घडणीत आहेत. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर भागात, अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांत, जमिनीचा उतार आणि हातातला पैसा यांचं नातं इतकं उघड दिसतं की शाळेत भूगोल शिकवताना सुरुवात इथून करावी, असं मला वाटतं.

एका जिल्ह्यात दोन मुलूख

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. महाराष्ट्राच्या वायव्य टोकावरचे सहा तालुके: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी. मधून तापी वाहते. उत्तरेला सातपुडा उभा आहे आणि त्याच्या पलीकडच्या पायथ्याशी नर्मदा. ही नर्मदा सुमारे ५४ किलोमीटर महाराष्ट्राच्या हद्दीवरून वाहते.

सातपुडा असा दोन नद्यांच्या मध्ये का सापडला? जमिनीच्या पोटात लांबच लांब भेगा पडल्या, त्यांच्या कडेचे पट्टे खचले आणि मधला भाग उंच राहिला. खचलेल्या दोन पट्ट्यांतून नर्मदा आणि तापी वाहतात. दख्खनच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जात असताना या दोघी पश्चिमेला का जातात, याचंही कारण हेच. घराच्या आढ्यावरून पाणी दोन्ही पाख्यांवर ओघळतं तसं सातपुड्यावरचं पाणी दोन्हीकडे पळतं: उदईसारख्या नद्या उत्तरेला नर्मदेकडे, गोमाईसारख्या दक्षिणेला तापीकडे.

आता उंची बघा. अस्तंभ्याचं शिखर सुमारे १,३२५ मीटरवर, तोरणमाळचं पठार सुमारे १,१५० मीटरवर. आणि खाली नर्मदेत सरदार सरोवराची पूर्ण पाणीपातळी १३८.६८ मीटर. म्हणजे थोडक्या अंतरात एक किलोमीटरहून जास्त उतार. अशा उतारावर पावसाचं पाणी थांबत नाही. डोंगरात सपाटीपेक्षा जास्त पाऊस पडतो, पण मातीचा थर पातळ आहे आणि त्याखाली काळा कातळ. या कातळात पाणी साठतं ते फक्त त्याच्या भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात. तो साठा छोटा असतो आणि उतारामुळे लवकर रिकामा होतो. पावसाळ्यात ओढे ओलांडता येत नाहीत आणि उन्हाळ्यात त्याच पाड्यावरच्या बायका झऱ्याशी वाटीवाटीने पाणी भरत बसतात.

पाण्याबरोबर मातीही खाली जाते. पायथ्याच्या शहादा-तळोदा पट्ट्यातली खोल, गाळाची, काळी जमीन अशीच हजारो वर्षांत साठलेली आहे. तिथे आज केळी, पपई, ऊस आणि कापूस आहे, विहिरी आणि कूपनलिकांना पाणी आहे, साखर कारखाना आहे. तेव्हा आमचूर आणि मोहफुलांच्या कितीतरी आधी डोंगराने खाली पाठवलेला पहिला माल म्हणजे त्याची माती आणि त्याचं पाणी. त्याचा मोबदला डोंगराला मिळालेला नाही.

तापीच्या दक्षिणेकडचं चित्र आणखी निराळं आहे. नंदुरबार शहरातला लाल मिरचीचा बाजार देशातल्या मोठ्या बाजारांत मोडतो. नवापूर कोंबडीपालनासाठी ओळखलं जातं. २००६ साली देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो तिथे. सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग या दोन्ही गावांवरून जातो. हा सगळा पैसा जिल्ह्याच्या एकाच उत्पन्नात मोजला जातो. त्यामुळे जिल्ह्याची सरासरी काढली की केळीचा बागायतदार आणि कातळावर ज्वारी पेरणारा शेतकरी एकाच आकड्यात बसतात. २०१८ मध्ये केंद्राने देशातले मागे राहिलेले जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले तेव्हा त्यात नंदुरबार होतंच. पण त्या सरासरीच्याही बऱ्याच खाली असलेला डोंगर त्या आकड्यात दिसत नाही.

पाडा लांब असला की सगळंच महाग

२०११ च्या जनगणनेत नंदुरबारची लोकसंख्या १६,४८,२९५ होती, दर चौरस किलोमीटरला साधारण २७७ माणसं. जवळपास ६९ टक्के लोक आदिवासी. भिल्ल, पावरा, वसावे, मावची, कोकणा असे अनेक समाज. शहरांत राहणारे १७ टक्क्यांहूनही कमी.

डोंगरातलं गाव देशावरच्या गावासारखं एका जागी गोळा झालेलं नसतं. प्रत्येकाचं घर त्याच्या शेतात आणि शेतं डोंगराच्या सोंडांवर पसरलेली. चार-पाच घरं इथे, मध्ये दरी, पलीकडे आणखी सहा. अशा आठ-दहा पाड्यांचं मिळून सरकारी कागदावरचं एक गाव. ही वस्ती शहाणपणाची आहे: शेताची राखण होते, गुरांना चारायला जवळ रान मिळतं, थोडकं पाणी वाटून घेता येतं. पण रस्ता, वीज, नळ, शाळा, दवाखाना यांचा खर्च घरांच्या संख्येपेक्षा घरांमधल्या अंतरावर ठरतो. सपाटीवर जेवढ्या तारेत शंभर घरांना वीज मिळते, तेवढी तार इथे एका पाड्यालाही कमी पडते. कागदावर गावाला रस्ता पोचलेला असतो, प्रत्यक्षात तो पहिल्या पाड्यापाशी संपतो आणि पुढच्या पाड्यावरच्या बाळंतिणीला अजूनही बांबूच्या झोळीतून खाली आणावं लागतं. म्हणून गावापर्यंत किती रस्ते झाले यापेक्षा पाड्यापर्यंत किती झाले, हे विचारायला हवं.

कैरी खाली जात नाही, आमचूर जातं

आता पुन्हा यादीकडे. डोंगरातून माल खाली न्यायचा तर वाहतुकीचा खर्च वजनावर लागतो. मालाची किंमत कितीही असो, पोतं तेवढंच जड. म्हणून इथून तोच माल खाली जाऊ शकतो, ज्याला वजनाच्या मानाने किंमत जास्त आहे, जो वाटेत नासत नाही किंवा जो स्वतःच्या पायांनी चालत जातो. अर्थशास्त्रातला हा साधा नियम आहे आणि आमचूर हे त्याचं नेमकं उदाहरण आहे.

अक्राणी-अक्कलकुव्यात गावठी आंब्याची झाडं अफाट आहेत. बांधावर, उतारावर, ओढ्याकाठी. कोणतं झाड कुठल्या घराचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि ते वारशाने पुढे जातं. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी ही मोठी मालमत्ता, कारण झाडाची मुळं कातळाच्या भेगांतून पाणी शोधतात. दरवर्षी पेरणी नको की सिंचन नको. चैत्र-वैशाखात वाऱ्याने पडलेल्या आणि झाडावरून उतरवलेल्या कैऱ्या अंगणात येतात. घरातली सगळी माणसं सोलायला, फोडी करायला बसतात. त्या फोडी खडकांवर पसरून उन्हात वाळवतात. आठ-दहा किलो कैरीचं जेमतेम किलोभर आमचूर होतं, कारण साल आणि कोय जाते आणि उरलेल्या गराचं बहुतेक वजन पाण्याचंच असतं.

आंबा पिकवून विकला तर जास्त पैसे मिळतील, असं बाहेरच्याला सहज वाटतं. पण पिकलेला आंबा दोन-चार दिवसांत बाजारात पोचायला हवा, घाटातल्या धक्क्यांत तो दबतो, एखाद्या दिवशी गाडी आली नाही तर सगळा माल वाया. आमचूर नासत नाही. वजन एक दशांश होतं. पाड्यावरून डोक्यावर वाहून मोलगीला आणता येतं. उन्हात वाळवणं ही इथली सगळ्यात स्वस्त प्रक्रिया आहे आणि लोकांनी ती परिस्थितीला अचूक जुळवून घेतली आहे.

तरीही कमाई थोडी का राहते? आमचुराचा भाव रंगावर ठरतो. पांढरट फोड महाग, काळपट स्वस्त. वाळवणीच्या दिवसांत अवकाळी पावसाची एक सर आली की फोडी काळ्या पडतात आणि भाव कोसळतो. शिवाय सगळ्यांचा माल एकाच वेळी बाजारात येतो. तेव्हाच खरिपाचं बियाणं घ्यायचं असतं, मागची उधारी फेडायची असते, म्हणून थांबायला कुणाकडे सवड नसते. साठवायला कोरडी जागा नाही. व्यापाऱ्याला हे सगळं माहीत असतं. प्रतवारी, दळण, पाकीटबंदी, ब्रँड हे पुढचे टप्पे खाली शहरांत होतात आणि शेवटच्या किमतीतला मोठा वाटा त्या टप्प्यांना जातो. झाडावर चढण्यापासून वाळवण्यापर्यंतचं सगळ्यात कष्टाचं काम वर होतं, आणि सगळ्यात कमी पैसा तिथेच राहतो.

मोहाची गोष्ट याहून कडू आहे. पहाटे फुलं वेचायची, वाळवायची, गरजेपोटी स्वस्तात विकायची आणि काही महिन्यांनी तीच फुलं घरासाठी चढ्या भावाने विकत घ्यायची, असं अनेक घरांत होतं. फूल तेच असतं. ते मधले महिने ठेवण्याची ऐपत ज्याच्याकडे असते, फरकाचा पैसा त्याला मिळतो.

बकरी आणि कोंबडी या अडचणींतून सुटतात. बकरीला पाड्यावरून बाजारापर्यंत वाहतूक खर्च नाही, ती डोंगरावर मिळेल ते खाते आणि दवाखान्यासाठी अचानक पैसे लागले तर त्या आठवड्याच्या बाजारात विकता येते. बँकेचा चेहरा क्वचित दिसणाऱ्या मुलखात बचतीची ही पद्धत अगदी योग्य आहे. तिला मागासलेपण म्हणणाऱ्यांनी आधी जवळची बँक किती अंतरावर आहे ते बघावं.

यादी बदलू शकते, याचं उदाहरणही इथेच आहे. अक्कलकुवा तालुक्यातल्या डाब परिसरात हिवाळ्यात इतकी थंडी पडते की दवबिंदू गोठतात. तिथे शेतकरी स्ट्रॉबेरी घेऊ लागले. स्ट्रॉबेरी अत्यंत नाशवंत. पण किलोमागे किंमत मोठी आणि गुजरातची गिऱ्हाइकं जवळ, म्हणून वाहतूक परवडते. इथे उंचीच कामाला आली. अर्थात पाणी आणि रस्ता दोन्ही जिथे आहेत, तिथेच हे जमतं.

कोयता

डोंगरातलं पीक एकच, पावसाळ्याचं. ज्वारी, मका, तूर, उडीद, कुठे कुठे अजून मोर आणि बंटीसारखी भरडधान्यं. पेरणी-निंदणीला ‘लाह’ असते: शेजारपाजारचे सगळे एकाच्या शेतात राबतात, तो जेवण घालतो, मग पाळी दुसऱ्याची. या श्रमाला पैसा लागत नाही, म्हणून कुठल्याही हिशेबात तो येत नाही; पण तो नसता तर या उतारांवर शेती झालीच नसती. दिवाळीपर्यंत धान्य घरात येतं. पुढे रब्बीला पाणी नाही, म्हणून काम नाही. नेमके त्याच सुमारास दक्षिण गुजरातचे साखर कारखाने सुरू होतात.

कारखान्यासाठी तोडणी करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. मजुरी कोयत्याला मिळते. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते, वाहते, वर स्वयंपाक आणि लेकरं. पण तिच्या नावावर वेगळा रुपया येत नाही. मुकादम उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि हंगामभराच्या मजुरीतून ती वळती होते. उचल घेतली की मजुराचा भाव ठरवण्याचा हक्क जवळपास संपतो. पटलं नाही तर सोडून जाता येत नाही, कारण कर्ज अंगावर असतं. हंगामाच्या शेवटी काही उरलं तर घेऊन यायचं. उरलं नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते आणि पुढचं वर्ष आधीच विकलं जातं.

याचा एक हिशेब फार कमी वेळा मांडला जातो. तोडलेल्या उसाची साखर ज्या जिल्ह्यात तयार होते, त्या जिल्ह्याच्या उत्पन्नात ती जमा होते. मजूर लहानाचा मोठा होतो, आजारी पडतो, म्हातारा होतो तो डोंगरात. तो सगळा खर्च डोंगराच्या माथी. मुलांची शाळा बुडते, गरोदर बाईची तपासणी चुकते, बाळाचं लसीकरण राहतं, आणि कुपोषणाचा आकडा अक्राणी-अक्कलकुव्याच्या नावावर लागतो.

होळीला मात्र माणसं शक्यतो परत येतात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात गुजरातेत कमावलेला पैसा कपड्यांत, दागिन्यांत, ढोलांत, गुळात खर्च होतो. बाहेरचे लोक याला उधळपट्टी म्हणतात. चार महिने उसाच्या फडात पालाखाली राहून आलेल्या माणसाने आपल्या गावात आपल्या पैशाने सण करावा, यात मला काहीही वावगं दिसत नाही.

जमीन कुणाची, पाणी कुणाचं

ब्रिटिशांच्या काळात सातपुड्याचं जंगल सरकारने राखीव केलं आणि पिढ्यान् पिढ्या कसलेली शेतं कागदावर ‘अतिक्रमण’ ठरली. सातबारा नाही म्हणजे पीककर्ज नाही, विहिरीची योजना नाही, नुकसानभरपाई नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही चूक मान्य केली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली, कमाल चार हेक्टरपर्यंतची वनजमीन आदिवासी कुटुंबाच्या नावे करण्याची तरतूद झाली, नवरा-बायको दोघांच्या नावाने. ही जमीन वारसांना देता येते, पण विकता येत नाही. मोह, चारोळी यांसारख्या गौण वनोपजावरही लोकांचा मालकी हक्क मान्य झाला.

जमीन विकता न येण्याच्या अटीवर काहींचा आक्षेप असतो. शहाद्याच्या सपाटीचा इतिहास पाहिला की ती अट का हवी ते समजतं. तिथे कर्ज आणि फसवणुकीतून आदिवासींच्या जमिनी मोठ्या प्रमाणात हातच्या गेल्या आणि मालक आपल्याच शेतावर सालदार झाले. अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेच्या लोकांनी सत्तरच्या दशकात त्याविरुद्ध लढा उभारला. १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा महाराष्ट्रात झाला. चांगल्या जमिनी आधी हातातून गेल्या आणि डोंगरातल्या राहिल्या, यामागे त्या कुणाला नको होत्या हेही एक कारण आहे.

उत्तरेच्या पाण्याची कथा त्याहून मोठी. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, सगळी याच दोन तालुक्यांतली. नर्मदेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या लवादाने १९७९ मध्ये महाराष्ट्राला धरणाच्या विजेत २७ टक्के आणि नर्मदेच्या पाण्यात पाव दशलक्ष एकर-फूट, म्हणजे १०.८९ टीएमसी (अब्ज घनफूट), वाटा दिला. हे पाणी सातपुड्यातून बोगदे काढून तापी खोऱ्यात आणण्याची योजना आहे. म्हणजे डोंगराच्या एका बाजूचं पाणी डोंगराच्या पोटातून दुसऱ्या बाजूच्या सपाटीला जाणार. काठावर उरलेल्या पाड्यांना मात्र बाजार, शाळा, दवाखाना सगळ्यासाठी होडीवर अवलंबून राहावं लागतं.

उतार ही नुसती अडचण नाही, तिच्यात ऊर्जाही आहे, हे अक्राणी तालुक्यातल्या बिलगावच्या लोकांनी करून दाखवलं होतं. २००३ साली उदई नदीच्या धबधब्यावर श्रमदानातून १५ किलोवॅटचं छोटं वीजकेंद्र उभं राहिलं आणि पाडे उजळले. २००६ च्या पावसाळ्यात ते पाण्याखाली गेलं.

श्रावणातला प्रश्न

उतारावर पाणी अडलं तर काय होतं, याचं उदाहरण शेजारच्या धुळे जिल्ह्यात आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावचं जंगल राखलं. जंगल वाढलं तसं विहिरींचं पाणी वाढलं, दुसरं पीक आलं आणि स्थलांतर घटलं. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. अक्राणीचे उतार त्याहून तीव्र आहेत, वस्ती अधिक विखुरलेली आहे, त्यामुळे तोच नमुना उचलून ठेवता येणार नाही. पण झऱ्यावर राखलेलं रान, उतारावर खोदलेले समतल चर आणि अर्धा एकर हरभऱ्यापुरतं पाणी, एवढ्यानेही घरातला एक कोयता कमी होऊ शकतो.

आणि तोपर्यंत? स्थलांतर दिवाळीनंतर दिसतं, पण ते ठरतं पावसाळ्यात. आषाढ-श्रावणात मागच्या वर्षीचं धान्य संपलेलं असतं, नवं पीक शेतात कोवळं असतं, मजुरी नसते. मुकादम उचल घेऊन दारात येतो तो तेव्हाच. सरकारला हे महिने माहीत नाहीत असं नाही. आदिवासी विकास महामंडळाची खावटी कर्ज योजना १९७८ पासून नेमकी याच उपासमारीच्या काळासाठी होती. २०२० मध्ये तिला अनुदानाचं रूप देऊन कुटुंबामागे ४,००० रुपये ठरवले गेले, निम्मे रोख आणि निम्मे वस्तूंच्या रूपात. रोजगार हमीचा कायदा तर महाराष्ट्रात १९७७ पासून आहे. पण हमीच्या कामाचा पैसा काम झाल्यावर, मोजमाप आणि मस्टर (हजेरीपत्रक) होऊन, बँकेत येतो. मुकादमाचा पैसा कामाच्या आधी, हातात, पाड्यावर येतो. श्रावणात ज्या घरात पीठ नाही, ते घर या दोन पैशांपैकी कोणता घेईल, हे वेगळं सांगायला नको. खावटी ज्येष्ठात पोचली आणि हमीची मजुरी आठवड्याच्या आठवड्याला मिळाली, तर मुकादमाशी बोलताना त्या घराला निदान नाही म्हणता येईल.